परसांतील बिनधुराची चूल व आगटी

आपल्या वर्धा जिल्ह्यांतील बहुतेक खातेदार शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांत आतां गॅसची शेगडी आलेली आहे, आणि ज्यांच्या घरीं ती पूर्वीं नव्हती त्यांपैकीं पुष्कळांकडे ती २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें पोंचविली. त्यामुळें चुलीचा विषय संपला असें कित्येकांस वाटतें. परंतु कोणत्याहि गांवांत पहांटे एक फेरी मारावी. सांदवाडींतून धूर निघत असतोच. स्नानाचें पाणी, गुरांचें आंबोण, पौषांतील हुरडा, नवसाचे रोडगे, लग्नकार्यांतील वरण-भात हीं कामें अद्याप परसांतील आगीवरच होतात. कारण सर्पण शेतांतून येतें आणि गॅसची टांकी रोख पैसे मोजून आणावी लागते.

ही आग उघड्यावर असल्यामुळें तिच्या धुराचा विचार कोणी करीत नाहीं. धूर आकाशांत गेला म्हणजे झालें, अशी आपली समजूत आहे. पण जी बाई चुलीपुढें बसून फुंकणी फुंकते तिच्या नाकातोंडांत तो आकाशांत जाण्यापूर्वींच जातो. आमच्या मातोश्रींनीं आयुष्यांत विडी-तंबाखूला हात लावला नव्हता. साठीनंतर त्यांना जिना चढवेना, तेव्हां छातीचें चित्र पाहून डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो, “ह्या किती वर्षें विडी ओढतात ?” असा. त्या दिवसापासून मी ह्या विषयाकडे लक्ष देऊं लागलों. गेल्या कांहीं वर्षांत परसांत तीन प्रकारच्या चुली करून पाहिल्या, त्यांत चुकाहि केल्या. तो अनुभव व त्यामागील कारणें येथें देत आहें.

धूर कां होतो ?

वाळलेलें लांकूड तापलें म्हणजे तें सर्वच्या सर्व जागेवर जळत नाहीं. त्याच्या वजनाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग वायुरूपानें बाहेर पडतो आणि उरलेल्या भागाचा कोळसा होतो. आपण जी ज्वाळा पाहतों ती त्या वायूची असते. ह्या वायूस पुरेशी उष्णता व पुरेशी हवा मिळाली तर तो पूर्ण जळून त्याची वाफ व कार्बन वायु होतो, आणि डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. ह्यांपैकीं एकाची जरी उणीव पडली, तरी तोच वायु अर्धवट जळून काजळी, डांबर आणि विषारी वायु ह्यांच्या रूपानें बाहेर येतो. त्यालाच आपण धूर म्हणतों. तेव्हां धूर म्हणजे आगीचा मळ नसून न जळलेलें सर्पण होय. जो शेतकरी कपाशीचा एक बोंडहि झाडावर राहूं देत नाहीं, तो चुलींतून सर्पणाचा मोठा हिस्सा रोज असा उडूं देतो ! तीन दगडांच्या उघड्या चुलींत जी उष्णता निर्माण होते तिचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यांत उतरतो. बाकीची वाऱ्यावर जाते.

ओल्या लांकडाचें गणितहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नुकत्याच तोडलेल्या लांकडांत वजनाच्या जवळजवळ निम्में पाणी असतें. असें दोन किलो लांकूड चुलींत घातलें तर त्यांत जळण एकच किलो, आणि त्या एका किलोच्या उष्णतेचा सुमारें सातवा हिस्सा दुसऱ्या किलोची वाफ करण्यांत खर्च होतो. खरें नुकसान तर याहून अधिक. वाफेमुळें आग थंड पडते आणि ज्या वायूची ज्वाळा व्हावयाची त्याचा धूर होतो. म्हणून जो मनुष्य ओलें सर्पण ठेवून बिनधुराच्या चुलीचा शोध करीत फिरतो, त्यानें आधीं सर्पणावर छप्पर घालावें. चुलीला लागणाऱ्या खर्चाहून तें स्वस्त पडेल.

वर्ध्याची जुनी खटपट

बिनधुराच्या चुलीचा विषय आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं. १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या बागेंत, म्हणजे मगनवाडींत, त्याचें ठाणें पडलें. महात्मा गांधींचे पुतणे मगनलाल गांधी १९२८ सालीं वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ वाडीला हें नांव मिळालें. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते. घाणी, हातकागद, गूळ, मधमाशा ह्यांच्याबरोबरच घरांतील चूल हाहि तेथें प्रयोगाचा विषय झाला, आणि १९४० नंतरच्या दशकांत तेथून जी मातीची चूल बाहेर पडली तिचें नांवहि मगन चूल असेंच पडलें. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधींनीं उघडलेलें मगन संग्रहालय त्या वाडींत अद्याप आहे.

मगन चुलीचें तत्त्व साधें होतें. आग एका बंद पोटांत करावयाची ; तिची ऊब पहिल्या भांड्याखालून मातीच्या बोगद्यानें पुढच्या भांड्याखालीं न्यावयाची, आणि शेवटीं धूर धुराड्यानें छपराबाहेर सोडावयाचा. आपल्या जुन्या चूल-वैलांत दुसरें भांडें अर्ध्या उबेवर शिजतेंच. त्याच कल्पनेला येथें धुराडें जोडलें गेलें. पुढें हैदराबादच्या एंजिनियरिंग संशोधनशाळेंतील डॉ. एस. पी. राजू यांनीं १९५३ सालीं अशाच धुराड्याच्या चुलीचा पुरस्कार केला, आणि १९८३ पासून सुमारें वीस वर्षें सरकारी सुधारित चुलीचा कार्यक्रम देशभर चालला.

इतकें होऊनहि त्या चुली गांवोगांव टिकल्या नाहींत. असें कां झालें हें विचारल्याशिवाय पुढची चूल घालूं नये. ओडिशांतील खेड्यांत अशा चुली वांटून चार वर्षेंपर्यंत घरें तपासण्यांत आलीं. पहिल्या वर्षीं बायकांच्या श्वासांत जाणारा धूर कमी झाला, पण पुढें हा फरक नाहींसा झाला. कारण चुलीची भेग कोणी लिंपली नाहीं आणि धुराडें कोणी झाडलें नाहीं. धुराड्यांत काजळी बसली कीं ओढ मंदावते, धूर चुलीच्या तोंडानें परत येतो, आणि मग घरची बाई धुराड्याचें भोक बुजवून टाकते. तिचा त्यांत दोष नाहीं.

आपल्याकडे आणखी दोन कारणें घडलीं असें माझें निरीक्षण आहे. एक भाकरीचें. भाकर तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशीं निखाऱ्यांपुढें उभी केल्याशिवाय फुगत नाहीं. ज्या चुलीचें तोंड अरुंद करून निखारे आंत कोंडले, त्या चुलीवर भाकर होईना. दुसरें पऱ्हाटीचें. पऱ्हाटी तीन-चार फूट लांब, फांद्या आडव्या पसरलेल्या. बाभळीच्या ढलप्यांसाठीं मोजून ठेवलेल्या तोंडांत ती शिरत नाहीं, आणि ती रोज वीतभर तोडून ठेवण्याचें काम पुन्हां बाईवरच पडतें. चूल आंखणाऱ्यानें ह्या दोन गोष्टी घरांत बसून पाहिल्या असत्या, तर बरें झालें असतें.

कोणत्या कामाला कोणती चूल

परसांतील आग एकाच प्रकारची नसते, हें प्रथम मनांत ठरवावें. रोजचें पाणी व आंबोण हें बारमाही काम आहे. त्याला छपरीखालीं धुराड्याची मातीची चूलच योग्य. तिचें तोंड पऱ्हाटी जाण्याइतकें रुंद, म्हणजे आठ-नऊ इंच ठेवावें. दुसऱ्या भांड्याच्या जागीं पाण्याचा गुंड कायमचा बसवावा, म्हणजे वाया जाणाऱ्या उबेवर पाणी तापतें. आणि धुराडें छपराच्या वर निदान दोन फूट न्यावें. महिन्यांतून एकदां काठीला चिंधी बांधून तें झाडावें. हें काम पुरुषानें आपल्याकडे घ्यावें, असें मी स्पष्ट लिहितों.

बाजारांत अलीकडे दुहेरी पत्र्याच्या, बिनधुराच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोल भट्ट्या मिळूं लागल्या आहेत. त्यांची युक्ति खरी आहे. बाहेरच्या पत्र्याला खालीं भोकें, आंतल्याला वरच्या कांठाखालीं भोकें ; मधल्या पोकळींतून हवा वर चढतांना तापते आणि कांठाखालच्या भोकांतून आंत घुसून धुराला पेटविते. भोकांतून जणूं लहान-लहान दिवे लागल्यासारखे दिसतात. परंतु हीं भांडीं मुळांत परदेशांत शेकत बसण्यासाठीं निघालीं. त्यांचें तोंड मोठें, ज्वाळा उंच, आणि त्यावर भांडें नेमकें टेंकविलें कीं वाट कोंडून धूर सुरू होतो. पत्रा पातळ असेल तर दोन पावसाळ्यांत गंजतो. मी एक घेतली होती. शेकोटी म्हणून ती उत्तम आहे, चूल म्हणून नाहीं. ज्याला विकत घ्यावयाचीच असेल त्यानें जाड पत्रा, खालची जाळी सुटी निघणारी, आणि वर तीन-चार इंच उंच तिवई बसेल अशी पाहून घ्यावी.

हुरडा, रोडगे, पांच-पंचवीस पानांचें वरण, असल्या हंगामी कामांस मात्र परसांत खणलेला विटांचा खड्डा हा सर्वांत उपयोगी, असें माझें मत अनुभवानें बनलें आहे. तो कसा करावा हें सविस्तर सांगतों, कारण पहिल्या खेपेस माझा तो पार फसला.

मी आश्विनांत परसाच्या कडेला, जेथें शेताची काळी जमीन लागते तेथें, दीड हात खोल खड्डा खणला, बाजूनें एक तिरपें बीळ हवेसाठीं पाडलें, आणि भिंतीला त्याच काळ्या मातीचा गिलावा दिला. चार दिवस काम चांगलें झालें. मोठ्या वहिनी पाहून गेल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, काळ्या मातीची चूल कोणी घालते काय ? पांढरी आणा.” मीं हंसून सोडून दिलें. कपाशीची काळी जमीन पाणी पिऊन फुगते व वाळली कीं आकसून भेगाळते, हें मी शेतांत रोज पाहात होतों, तरी चुलीच्या वेळीं तें आठवलें नाहीं. आगीनें गिलाव्याला बोट जाईल अशा भेगा पडल्या, भेगांतून नको तेथें हवा शिरूं लागली आणि धूर वाढला. माघांत अवकाळी पाऊस झाला. दुसऱ्या दिवशीं वरणाचें पातेलें वर असतांनाच एक बाजू आंत बसली. सोळा माणसांचें वरण मातींत गेलें. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत, हें अधिक लागलें.

म्हणून जागा अशी पाहावी कीं पाणी साचणार नाहीं आणि शक्य तर मुरमाड असेल. काळ्या जमिनीशिवाय इलाज नसेल, तर खड्डा मोठा खणून तळाला चार इंच मुरूम ठोकून बसवावा व भिंत विटांचीच करावी. सांधण्यास गांवठाणाची पांढरी माती घ्यावी. तींत गव्हाचा भुसा व थोडें शेण घालून चिखल आठ दिवस कुजूं द्यावा, म्हणजे तो तडकत नाहीं. सिमेंट आगीपुढें टिकत नाहीं.

घरच्या कामापुरता खड्डा अडीच फूट रुंद व मुरूम धरून पावणेदोन-दोन फूट खोल पुरतो. कडेनें विटा आडव्या उभ्या लावून तीन इंच जाडीचें एक वेढें बांधावें. त्याच्या आंत दोन इंच पोकळी सोडून, तसेंच दुसरें वेढें बांधावें. मध्यें सुमारें चौदा इंच व्यासाचें चुलीचें पोट राहतें. आंतल्या वेढ्याच्या सर्वांत खालच्या थरांत विटा दोन-दोन बोटें अंतर सोडून बसवाव्या. मधले थर गच्च. वरच्या कांठाखालीं तीन-चार इंचांवर एका थरांत पुन्हां बोटभर फटी ठेवाव्या, आणि दोन वेढ्यांमधील पोकळी वरून कौलाच्या तुकड्यांनीं व चिखलानें बंद करावी. खालच्या फटींनीं हवा निखाऱ्यांस मिळते. तीच हवा पोकळींतून तापत चढून वरच्या फटींनीं ज्वाळेस मिळते. बाजारच्या दुहेरी पत्र्याच्या भट्टीचें सारें रहस्य एवढेंच आहे. बाहेरून हवा आणण्यासाठीं सहा इंची मातीची नळी दोन फुटांवरून तिरपी उतरवून खालच्या पोकळींत सोडावी. तिचें तोंड वाऱ्याच्या बाजूस असावें व कांठ जमिनीपेक्षां चार बोटें उंच असावा, नाहींतर पाणी आंत उतरतें. हुरड्याच्या दिवसांत वारा बहुतकरून कोणत्या अंगानें येतो तें मुठींतून बारीक भुसा सोडून दोन-चार दिवस पाहावें.

आंतल्या वेढ्याऐवजीं तेलाचें जुनें पिंप कापून बसविलें तरी चालतें. पण औषधाचें किंवा रसायनाचें पिंप फुकट मिळालें तरी घेऊं नये. फवारणीच्या औषधाचे डबे कापून शेगड्या करण्याची जी चाल कोठें कोठें दिसते ती तर जिवावर बेतणारी आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राहि तापल्यावर त्याची वाफ छातींत बसते. पिंप कापण्यापूर्वीं तें उघडें करून धुऊन घ्यावें. बंद पिंपावर गॅसची ज्योत लावल्यास तें फुटतें.

आगीपासून कडब्याची गंजी, सोयाबीनचें कुटार व गोठा निदान पन्नास फूट दूर असावा. आपल्याकडे माघ-फाल्गुनापर्यंत कापूस भावाची वाट पाहात घरांत भरून असतो, आणि कापसाला ठिणगीचें कारण पुरे असतें. ज्या खोलींत कापूस आहे तिच्या दारा-खिडकीच्या वाऱ्याखालीं चूल घालूं नये.

सर्पण

पऱ्हाटी हें आपलें मुख्य सर्पण. चांगली वाळलेली पऱ्हाटी बाभळीच्या खालोखाल जळते. पण तिच्या ढिगाबद्दल एक गोष्ट कापूस पिकविणाऱ्या प्रत्येकानें ऐकावी. २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भांत जें नुकसान केलें तें अजून विसरलेलें नाहीं. ही अळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत झोंपून राहते, आणि पावसाळा लागला म्हणजे तिचा पतंग होऊन नव्या पिकावर जातो. म्हणजे चुलीसाठीं बांधावर रचलेला ढीग हाच पुढच्या वर्षीच्या किडीची कोठी ठरतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचें सांगणें असेंच आहे कीं फरदड घेऊं नये व पऱ्हाटी शेताशेजारीं सांठवूं नये. सर्पण तर पाहिजे. मग रचण्यापूर्वीं पऱ्हाटी आपटून उरलीं-सुरलीं बोंडें गोळा करून नष्ट करावीं, ढीग शेतापासून दूर गांवांत ठेवावा, आणि मृगापूर्वीं तो जाळून संपवावा. पावसाळ्यासाठीं तुराटी व बाभळीचीं लांकडें छपरीखालीं ठेवावीं.

तुराटी लवकर पेटते, पण तिचे निखारे टिकत नाहींत. तिचा उपयोग पेटवणाकडे. सोयाबीनचें कुटार चुलींत कोंदून धुमसतें, तें जनावरांना किंवा खताला द्यावें. रबराचे तुकडे, थैल्या, रंगविलेलीं लांकडें पेटवणासाठींहि घालूं नयेत.

गोवरीबद्दल मी दुटप्पीपणानें लिहिणार आहें, तो वाचकांनीं पदरांत घ्यावा. रोडग्यांना गोवरीच पाहिजे, आणि वर्षांतून चार वेळां ती जाळण्यास माझी हरकत नाहीं. पण रोजची चूल गोवरीवर चालविणें म्हणजे शेत जाळणें होय. एक जनावर दिवसास सुमारें दहा किलो शेण देतें. वाळून तें दोन किलो राहतें. त्यांत नत्राचें प्रमाण शेंकडा दीड धरलें, तर वर्षाचें नत्र अकरा किलोंच्या घरांत जातें, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या निम्म्या गोणीइतकें. गोवरी जळाली कीं हें नत्र धुराबरोबर जातें, राखेंत राहात नाहीं. आणि काळ्या जमिनीला भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय अंश जातो तो वेगळाच. आणि तो युरियाच्या गोणीनें परत येत नाहीं. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनीं विटांच्या जाळीदार टांक्यांत थोड्या शेणांत पुष्कळ काडीकचरा कुजविण्याची नाडेप पद्धत बसविली, ती ह्याच हिशेबावर. शेण टांक्यांत व पऱ्हाटी चुलींत, ही वांटणी मला योग्य वाटते.

पेटविणें व शिजविणें

आपण चूल पेटवितांना खालीं काडी लावून वर लांकडें रचतों. खड्ड्याच्या चुलींत ह्याच्या उलट करावें. जाड लांकडें तळाशीं, त्यांवर बारीक, आणि सर्वांत वर तुराटीचें पेटवण ठेवून वरून काडी लावावी. आग हळूहळू खालीं उतरते, आणि खालच्या लांकडाचा वायु वरच्या ज्वाळेंतून गेल्याशिवाय बाहेर पडूं शकत नाहीं. पहिलीं पांच-सात मिनिटें थोडा धूर होईल. विटा तापल्या कीं तो नाहींसा होतो. सर्पण वरच्या फटींच्या खालींच राहिलें पाहिजे. फटी झांकल्या गेल्या तर खड्डा नुसता खड्डाच उरतो.

भांडें विटांच्या कांठावर सपाट टेंकवूं नये. तीन-चार इंच उंचीची लोखंडी तिवई किंवा चुलीच्या थानांसारखे तीन उंचवटे करावे. अंतर कमी केलें तर धूर, फार वाढविलें तर सर्पण जास्त. बुडावर काजळी किती बसते तें पाहून एक-दोन दिवसांत ठरवितां येतें.

पण सर्वच पदार्थ ज्वाळेवर होत नसतात, आणि येथेंच चुलीची परीक्षा होते. वरणाला व भाजीला पहिल्या उकळीपर्यंत ज्वाळा, मग निखारे. आपल्याकडची लांब पोळी पालथ्या मडक्यावर होते. तिला मडक्याच्या सर्व पोटाला लागणारी पसरट, एकसारखी ज्वाळा हवी, म्हणून तिच्यासाठीं पऱ्हाटी एका वेळीं फार न घालतां सारखी थोडी-थोडी सारावी. भाकर ह्या चुलीवर होत नाहीं, हें मान्य करतों. तिला घरची चूल बरी.

रोडग्यांचा धूर हा खरा त्रास. उघड्या जागेवर गोवऱ्यांचा ढीग पेटवून तो धुमसत असतांनाच रोडगे खालीं दडपण्याची घाई होते, आणि रोडग्यांना व जेवणाऱ्यांना सारखाच धूर लागतो. त्याऐवजीं गोवऱ्या ह्या खड्ड्यांत आधीं ज्वाळेनें जळूं द्याव्या. त्यांचा लाल इंगळ झाला म्हणजे फावड्यानें काढून शेजारीं वीतभर खोल उथळ आगटींत पसरावा, त्यावर थोडी राख, मग रोडगे, आणि वरून पुन्हां राख व निखारे. रोडगे फिरवीत राहावें. बोटानें टिचकी मारल्यावर पोकळ वाजूं लागले म्हणजे झाले. वांगीं त्याच आगटीच्या कडेला भाजून निघतात. ज्वारीच्या हुरड्यालाहि हीच रीत. कणसें ज्वाळेवर धरलीं तर कुसळ जळून दाणा करपतो व आंत कच्चा राहतो ; राखाळलेल्या निखाऱ्यांत कणसें फिरवीत भाजावीं आणि गरम असतांनाच चोळावीं. ज्वारीची जागा सोयाबीननें घेतल्यापासून हुरड्यापुरती ज्वारी सुद्धां कित्येकांस विकत आणावी लागते, पण तो दुसरा विषय आहे.

जे पदार्थ निखाऱ्याला प्रत्यक्ष लागतात त्यांना पऱ्हाटीचे निखारे वापरूं नयेत, असें मी पाळतों. कपाशीवर किती फवारण्या होतात तें आपणांस ठाऊक आहे. बाभळीचे किंवा गोवरीचे निखारे घ्यावे.

उरलेले निखारे थंडींत शेगडींत भरून निजावयाच्या खोलींत नेण्याची चाल अजून आहे. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. परंतु त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाहीं कीं वास नाहीं, आणि दारें-खिडक्या बंद असलेल्या खोलींत निजलेलीं माणसें सकाळीं उठत नाहींत. शेगडी अंगणांतच ठेवावी.

काम संपल्यावर तापलेल्या विटांवर पाणी ओतूं नये, त्या तडकतात. नळीचें तोंड व खड्ड्याचें तोंड पत्र्यानें झांकलें कीं निखारे आपोआप विझतात आणि कोळसा दुसऱ्या दिवशीं उपयोगी पडतो. पावसाळ्यांत खड्ड्यावर उतरतें झांकण ठेवावें. राख दर दोन-तीन खेपांनीं काढावी, नाहींतर खालच्या फटी बुजतात. ती ताज्या शेणांत किंवा युरियांत मिसळूं नये. राखेच्या क्षारामुळें नत्र वायु होऊन उडून जातें. शेतांत टाकावयाची तर पातळ पसरून टाकावी, आणि ज्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत मुळांतच क्षार अधिक आहे तेथें मुळींच टाकूं नये.